ओ-लाइन ढासळली की आधी कुणाकडे बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या एनएफएल संघाचा क्वार्टरबॅक दर रविवारी चार-पाच वेळा आडवा होतो. येत्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत दांडगा लेफ्ट टॅकल घेतला की प्रश्न सुटेल ना? की आधी लाइनचा कोच बदलायचा? आणि ड्राफ्टला अजून सहा महिने आहेत, तोवर काय करायचं?"

संघ कुठला ते तुम्ही लिहिलं नाहीत. बरं झालं. नाव कळलं असतं तर उत्तराआधी भांडण झालं असतं. नवख्यांसाठी दोन शब्द: एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, क्वार्टरबॅक म्हणजे पास टाकणारा, आणि ओ-लाइन म्हणजे त्याच्या पुढे उभं राहून त्याला वाचवणारे पाच जण: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, दोन कडांना टॅकल. ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडायचा वार्षिक कार्यक्रम.

आधी माझ्याबद्दल. मी सांगली जिल्ह्यात कबड्डी खेळत वाढलो. नोकरीच्या निमित्तानं ओहायोत आलो. मुलगा हायस्कूलच्या संघात गेला तेव्हा त्याला सोडायला म्हणून मैदानावर जायचो, तो तिथलाच झालो. मुलगा शिकून नोकरीला लागला, मी मात्र गेली सोळा वर्षं संध्याकाळी लाइनच्या पोरांना शिकवतोय. व्यावसायिक संघात मी काम केलेलं नाही. पण पाच जणांनी मिळून समोरच्या चौघांना तीन सेकंद रोखून धरायचं, हे काम शाळेत असतं तेच एनएफएलमध्ये असतं. वजन आणि पगार तेवढे वाढतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बहुधा नाही सुटणार.

न्यूयॉर्क जायंट्सचं उदाहरण घ्या. २०२० च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी चौथ्या क्रमांकावर अँड्र्यू थॉमस हा टॅकल घेतला. २०२२ मध्ये सातव्या क्रमांकावर इव्हान नील, तोही टॅकल. म्हणजे तीन ड्राफ्टमध्ये पहिल्या दहांतले दोन टॅकल, दोन्ही कडांना एकेक. आणि २०२३ च्या मोसमात जायंट्सच्या क्वार्टरबॅकांना ८५ वेळा सॅक केलं गेलं, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडलं गेलं. एनएफएलच्या इतिहासात याहून वाईट आकडा एकच आहे, १९८६ च्या फिलाडेल्फिया ईगल्सचा, १०४. त्या वर्षी थॉमस पहिल्याच सामन्यात जखमी झाला, नीललाही दुखापती झाल्या, हे खरं. पण म्हणून तर सांगतोय. एकदोन माणसांवर भिस्त ठेवून उभी केलेली लाइन त्या माणसांच्या मांडीच्या स्नायूंवर उभी असते.

याहून जुनी गोष्ट ह्यूस्टन टेक्सन्सची. २००२ मध्ये हा संघ नव्यानं लीगमध्ये आला. बाकीच्या संघांतून खेळाडू उचलायची त्यांना मुभा होती, तेव्हा त्यांनी पहिलं नाव घेतलं टोनी बोसेलीचं, त्या काळातल्या उत्तम लेफ्ट टॅकलांपैकी एक. त्याचा खांदा बरा झालाच नाही आणि टेक्सन्ससाठी तो एकही स्नॅप (सेंटरनं चेंडू मागे देऊन सुरू होणारा डाव) खेळला नाही. मागे उभा होता डेव्हिड कार, त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू. त्याला एका मोसमात ७६ वेळा पाडलं. एका खेळाडूच्या नावावर असलेला तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, आणि कुणाला मोडायचाही नसेल.

आता मूळ मुद्दा. दुरुस्ती करण्याआधी बिघाड कुठं आहे ते पाहावं लागतं, आणि सॅकचा आकडा बघून ते कळत नाही.

७ फेब्रुवारी २०२१, टॅम्पा, सुपर बोल ५५, म्हणजे लीगचा अंतिम सामना. कॅन्सस सिटी चीफ्स बक्कनीअर्सकडून ३१–९ असे हरले. त्यांच्या क्वार्टरबॅकला, पॅट्रिक माहोम्सला, किती वेळा सॅक केलं? फक्त तीन. पण पास टाकायला तो ५६ वेळा मागे सरकला त्यात २९ वेळा कुणी ना कुणी त्याच्या अंगावर आलं. चेंडू हातातून सुटेपर्यंत किंवा खाली पडेपर्यंत त्या रात्री तो मागे-पुढे-आडवा मिळून ४९७ यार्ड पळाला. बक्कनीअर्सनी जादा माणसं फारशी पाठवलीही नव्हती. चौघंच यायचे, बाकी सात मागे पास अडवायला. कागदावर 'तीन सॅक' एवढंच वाचणारा म्हणेल, लाइनचं बरं चाललं होतं की.

उलटंही होतं. लाइननं तीन-साडेतीन सेकंद धरून ठेवलं, क्वार्टरबॅक चेंडू घेऊन उभाच राहिला आणि पडला. सॅक लाइनच्या नावावर, पाप त्याचं. आमच्याकडे ढोबळ हिशेब असा की साधारण अडीच सेकंदांत चेंडू सुटला पाहिजे. त्याआधी माणूस आत आला तर लाइनला विचारा, त्यानंतर आला तर मागच्याला.

म्हणून मी फिल्म बघायला बसतो तेव्हा वहीत चारच शब्द असतात. 'हरला' म्हणजे माणूस योग्य जागी होता पण समोरच्यानं त्याला ताकदीनं किंवा चपळाईनं मागे टाकलं. 'घोटाळा' म्हणजे कुणाला कुणी धरायचं यातच गोंधळ झाला, दोघं एकावर गेले आणि एक मोकळा सुटला. 'उशीर' म्हणजे चेंडू वेळेत गेला नाही. आणि 'हिशेबाबाहेर' म्हणजे समोरून सहा आले, अडवायला पाचच होते, सहावा मोकळाच येणार होता आणि त्याच्या हाती लागण्याआधी चेंडू टाकणं हे क्वार्टरबॅकचं काम होतं. पासाचा प्रत्येक डाव असा तपासायचा. चार सामन्यांची फिल्म तपासायला मला एक अख्खा शनिवार लागतो. त्यातून जे चित्र दिसतं ते टीव्हीवर ऐकलेल्यापेक्षा बहुतेक वेळा वेगळं असतं.

आमच्याच शाळेचा एक मोसम आठवतो. सगळं गाव राइट टॅकलच्या नावानं बोटं मोडत होतं. पोरगा बिचारा रडवेला झाला होता. फिल्म पाहिली तर त्याच्या बाजूच्या बहुतेक पडझडीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. शेजारचा गार्ड स्नॅप होताच आत सेंटरकडे सरकत होता, कारण त्याला सेंटरचा भरवसा नव्हता. त्यामुळे गार्ड आणि टॅकलमध्ये फट पडायची, ती झाकायला टॅकल आत वळायचा आणि बाहेरची बाजू उघडी पडायची. म्हणजे भोक सेंटरला आणि पाणी गळतंय टॅकलकडून. सेंटर बदलला, दोन आठवड्यांत टॅकल 'सुधारला'. त्याला मी एक अक्षरही नवीन शिकवलं नव्हतं.

कबड्डी खेळलेल्याला हे लगेच समजेल. साखळीत कोपऱ्यातल्या गड्याचा पाय उघडा पडला तर प्रेक्षक त्यालाच शिव्या घालतात. पण हात कुणी सोडला होता? शेजारच्यानं. समोरचे बचावपटू लाइनची हीच साखळी तोडायचा प्रयत्न करतात. त्यांची आवडती युक्ती म्हणजे स्टंट, कुणी ट्विस्ट म्हणतात. आतला माणूस तिरका बाहेर घुसतो, तुमच्या टॅकलला धडकतो आणि बाहेरचा त्याच्या पाठीमागून वळसा घालून आत येतो. इथं गार्ड आणि टॅकलनं माणसं अदलाबदल करून घ्यायची असतात. तुझा मला, माझा तुला. त्यासाठी दोघं एकाच रेषेत मागे सरकलेले असावे लागतात. एक जण अर्ध्या यार्डानं जरी जास्त खोल गेला तरी दोघं एकमेकांवर आपटतात आणि आत येणाऱ्याला रस्ता मोकळा. हे सगळं एका सेकंदात होतं, बोलायला वेळ नसतो. शेजाऱ्याचा खांदा कुठं असेल हे न बघता कळायला हवं. त्याला एकच औषध आहे, एकत्र काढलेले दिवस.

आता चीफ्सनी त्या पराभवानंतर काय केलं ते बघा. व्यावसायिक संघानं लाइन दुरुस्त केल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

त्या सुपर बोलला त्यांचे दोन्ही नेहमीचे टॅकल नव्हते. एरिक फिशरची टाच आदल्याच सामन्यात गेली होती, अकिलिस फाटला होता. मिचेल श्वार्ट्झ पाठदुखीनं मोसमाच्या मध्यापासून बाहेर. गार्ड लोराँ दुव्हर्ने-तार्दिफ हा डॉक्टर, त्यानं कोविडच्या वर्षी खेळणं सोडून क्यूबेकमधल्या एका वृद्धाश्रमात काम धरलं होतं. मैदानावर होते ते बहुतेक बदली किंवा जागा बदललेले. कुणीही म्हणालं असतं, नशीब फुटकं, पुढच्या वर्षी सगळे परत येतील. चीफ्सनी तसं म्हटलं नाही. महिन्याभरात, मार्च २०२१ मध्ये, फिशर आणि श्वार्ट्झ दोघांनाही एकाच दिवशी मोकळं केलं. फिशर म्हणजे २०१३ च्या ड्राफ्टमधला अगदी पहिला खेळाडू! कोविडमुळे त्या वर्षी प्रत्येक संघाच्या एकूण पगाराची कमाल मर्यादा उतरून १८.२५ कोटी डॉलरवर आली होती, त्यामुळे भावनेला जागा नव्हती.

त्यांनी आधी ट्रेंट विल्यम्सला गाठायचा प्रयत्न केला. लीगमधला सर्वोत्तम लेफ्ट टॅकल, तुमच्या मनातला 'दांडगा' तोच. तो सॅन फ्रान्सिस्कोलाच राहिला. मग पाच वर्षांचे ८ कोटी डॉलर त्यांनी ज्याला दिले तो टॅकल नव्हताच. तो होता जो थूनी, पॅट्रियट्सचा लेफ्ट गार्ड. लेफ्ट टॅकल म्हणून बाल्टिमोरच्या ऑर्लँडो ब्राउन ज्युनियरला अदलाबदलीत आणलं आणि त्यासाठी पहिल्या फेरीचा आपला ३१ वा क्रमांक देऊन टाकला. ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत, ६३ व्या क्रमांकावर, सेंटर क्रीड हम्फ्री घेतला. आणि सहाव्या फेरीत, २२६ व्या क्रमांकावर, गार्ड ट्रे स्मिथ. स्मिथच्या फुफ्फुसात पूर्वी रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, म्हणून बाकीच्यांनी त्याला हात लावला नव्हता. राइट टॅकलला लुकस नियांग, ज्यानं आदल्या वर्षी कोविडमुळे खेळणं टाळलं होतं.

१२ सप्टेंबर २०२१ ला मोसमाचा पहिला सामना झाला. गणपती बसून दोन दिवस झाले होते, घरी पाहुणे होते, मी आरतीचं ताट हातात घेऊन टीव्हीकडे बघत होतो आणि बायको माझ्याकडे. पाचही जागांवर नवे चेहरे. सुपर बोलमधल्या पाचांपैकी एकही नाही.

पैसा आणि क्रमांक कुठं खर्च झाले बघा. मधले तिघे, गार्ड-सेंटर-गार्ड, हा त्यांनी पाया धरला. कडेनं येणारा माणूस क्वार्टरबॅकला निदान दिसतो, तो एक पाऊल पुढे सरकून त्याला चुकवू शकतो. मधून नाकासमोर येणाऱ्याला चुकवायला जागाच नसते. उंचीनं कमी किंवा पॉकेटमध्ये (लाइनच्या मागच्या राखलेल्या जागेत) पुढे सरकून पास टाकणारा क्वार्टरबॅक असेल तर मधली फळी आधी, हे माझं ठाम मत आहे. सगळ्यांना पटत नाही. टॅकलचे पगार बघितले तर मालकांना तर नक्कीच पटत नाही.

१२ फेब्रुवारी २०२३, ग्लेनडेल, ॲरिझोना, सुपर बोल ५७. समोर ईगल्स, ज्यांनी त्या मोसमात ७० सॅक केले होते. माहोम्सचा घोटा दुखावलेला. चीफ्स ३८–३५ जिंकले आणि माहोम्सला एकदाही सॅक झाला नाही. मैदान निसरडं होतं, धावत येणाऱ्यांचे पाय घसरत होते, ते श्रेय गवताला द्यायचं तेवढं देऊ. पण मला त्या रात्रीची वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. त्या सामन्यात चीफ्सचा राइट टॅकल होता अँड्र्यू वायली. दोन वर्षांपूर्वी टॅम्पात ज्या लाइनची अब्रू गेली तिचाही राइट टॅकल हाच होता. तोच माणूस, तीच जागा. शेजारी बदलले होते.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर या वायलीत आहे. पाचांतला सगळ्यात चांगला किती चांगला आहे यावरून लाइन ठरत नाही. सगळ्यात कच्चा कोण आहे आणि त्याच्या बाजूला कोण उभं आहे, यावरून ठरते. समोरचा कोऑर्डिनेटर, म्हणजे त्यांच्या बचावाचे डाव आखणारा, कच्चाच शोधणार आणि रात्रभर त्याच्याच दारावर थाप मारणार.

आता सिनसिनाटी बेंगल्स. हा आमच्या राज्यातला संघ असल्यामुळे इथं माझा जीव जास्त जळलेला आहे. २०२१ च्या मोसमात त्यांच्या क्वार्टरबॅकला, जो बरोला, ५१ वेळा सॅक केलं गेलं आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, आणखी १९ वेळा. टेनेसीविरुद्धच्या एकाच सामन्यात नऊ. तो सामना बेंगल्स १९–१६ जिंकले, हे मी स्वतः पाहिलं नसतं तर मला कुणी सांगून पटलं नसतं. सुपर बोलमध्ये रॅम्सनी सात वेळा पाडलं आणि तिथं मात्र २३–२० हार. शेवटच्या डावात रॅम्सचा ॲरन डोनल्ड मधून घुसला, बरोनं गरगर फिरत चेंडू कसाबसा भिरकावला, आणि दूर कडेला रिसीव्हर (पास झेलणारा) जामार चेस मोकळा धावत होता.

त्याच वर्षीच्या ड्राफ्टआधी शहरात हा तुमचाच वाद पेटला होता. पाचव्या क्रमांकावर टॅकल पनेई सूएल घ्यायचा की रिसीव्हर चेस? संघानं चेस घेतला. सूएल दोन क्रमांकांनंतर डेट्रॉइटला गेला आणि आज लीगमधल्या सर्वोत्तम राइट टॅकलांत गणला जातो. पण चेसनं पहिल्याच वर्षी १,४५५ यार्ड काढले, आणि त्याच्याशिवाय ते सुपर बोलला पोचलेच नसते. मी तेव्हा सूएलच्या बाजूनं भांडलो होतो. आज तेवढ्या जोरानं भांडणार नाही.

पराभवानंतर बेंगल्सनी उघड्या बाजारातून तिघं आणले: सेंटर टेड करास, गार्ड ॲलेक्स कॅपा, टॅकल लाएल कॉलिन्स. चौथा चौथ्या फेरीतला गार्ड कॉर्डेल व्होल्सन. पाचांत चार नवे. लोक म्हणाले, झालं काम. मग पहिल्या सामन्यात पिट्सबर्गनं बरोला सात वेळा पाडलं आणि दुसऱ्यात डॅलसनं सहा वेळा. दोन सामन्यांत तेरा! फोनवर मित्र विचारत होते, तुमचे ते कोट्यवधींचे गडी कुठं गेले? मोसम संपला तेव्हा बरोचे एकूण सॅक होते ४१, म्हणजे उरलेल्या चौदा सामन्यांत २८. गडी तेच होते, त्यांची साखळी जुळायला महिना लागला. तुमच्या संघानं पुढच्या वर्षी माणसं बदलली तर सप्टेंबरमध्ये निकाल मागू नका, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

आणि मग डिसेंबरअखेरपासून दुखापती सुरू झाल्या. कॉलिन्सचा गुडघा, कॅपाचा घोटा, लेफ्ट टॅकल जोना विल्यम्सची गुडघ्याची वाटी. एका महिन्यात तिघं गेले. कॅन्सस सिटीत एएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यात तीन बदली खेळाडू उभे होते. बरोला पाच वेळा पाडलं, सामना २३–२० असा हातचा गेला. सहावा, सातवा, आठवा लाइनमन कोण, हा प्रश्न चाहते विचारतच नाहीत. लीगला मात्र त्याची कदर आहे: खेळाडू संघटनेशी झालेल्या २०२० च्या करारापासून सामन्याच्या दिवशी आठ लाइनमन उतरवले तर ४७ ऐवजी ४८ खेळाडू सज्ज ठेवता येतात. माझं ऐकाल तर पहिल्या फेरीचा एक क्रमांक खर्च करण्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या फेरीत दोन वर्षं लागोपाठ दोन-दोन लाइनमन घेत राहा. दोन फुकट जातील, एक सहावा म्हणून टिकेल, एखादा ट्रे स्मिथ निघेल.

एक चूक मात्र हुशार संघही करतात, तिचाही नमुना चीफ्सच. २०२४ मध्ये त्यांचा लेफ्ट टॅकल काही केल्या जमेना. नवखा किंग्सली सुआमाटाया उतरवला, मग वान्या मॉरिस, मग डी. जे. हम्फ्रीजला आणलं. कुणीच टिकेना, तेव्हा डिसेंबरात थूनीला गार्डावरून उचलून टॅकलला उभं केलं. थूनी इतका गुणी की त्यानं ते बरंच निभावलं. पण त्याच्या जुन्या जागी बदली माणूस आला. ९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्समध्ये ईगल्सनी ती बाजू उसवली. माहोम्सला सहा वेळा सॅक, ४०–२२, आणि तेही एकदाही जादा माणूस न पाठवता. बाहीचं ठिगळ काढून कोपराला लावलं, आता दोन ठिकाणी हात दिसतो. आपल्या सर्वांत चांगल्या गार्डला टॅकल करायचा मोह मलाही दरवर्षी होतो. मी आता वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवलंय: हलवायचा असेल तर एकच माणूस, आणि तोही पाचांतला सगळ्यात चांगला नको.

तुमचा तिसरा प्रश्न, ड्राफ्टपर्यंत काय करायचं. मोसम चालू असताना लाइनमनला नव्यानं घडवता येत नाही, हे आधी मान्य करा. २०११ च्या करारानं पॅड घालून सराव अख्ख्या मोसमात चौदाच वेळा करता येतो. पॅडशिवाय लाइनचा सराव म्हणजे पाण्याशिवाय पोहणं. तेव्हा ऑक्टोबरात एका माणसाची एकच गोष्ट सुधारायला घ्यायची. मी बहुतेक वेळा हात घेतो. तळवे समोरच्याच्या छातीवर, आतल्या बाजूनं, कोपरं अंगाशी. हात बाहेरून गेले की माणूस निसटतो आणि मग त्याला मागून धरलं की दहा यार्ड दंड. पाय सुधारायला महिने लागतात, हात दोन आठवड्यांत फरक दाखवतात.

कोल्हापूर-सांगलीकडचे कुणी वाचत असतील तर त्यांना कंबरेचं महत्त्व मी सांगायला नको. तालमीत वस्ताद जे ओरडतात, कंबर खाली, मान वर, पाय रोव, तेच मी इंग्रजीत ओरडतो. गंमत म्हणजे स्टीफन नील नावाचा अमेरिकन कुस्तीगीर, १९९९ चा जगज्जेता, कॉलेजात फुटबॉल अजिबात न खेळता पॅट्रियट्सचा गार्ड झाला आणि तीन सुपर बोलच्या अंगठ्या घेऊन निवृत्त झाला. त्याला लाइनची भाषा शिकायला वर्षं लागली. कंबर तो आधीच शिकून आला होता.

बाकी जे काही करायचं ते डावांच्या आखणीतून. चेंडू लवकर सोडवणारे छोटे पास. पहिल्या दोन डाउनला (दहा यार्ड काढायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या पहिल्या दोनला) धाव, म्हणजे तिसऱ्याला दहा-बारा यार्ड उरत नाहीत. कारण तेव्हा समोरच्यांना पास येणार हे ठाऊक असतं आणि ते कान पाडून धावतात. धावेची हूल देऊन पास, त्यानं त्यांचं पहिलं पाऊल अडखळतं. क्वार्टरबॅकला कडेला पळवून त्याची उभी राहायची जागा बदलत राहणं. स्क्रीन, म्हणजे समोरच्यांना आत येऊ देऊन त्यांच्या डोक्यावरून टाकलेला छोटा पास. आणि कच्च्या टॅकलच्या बाजूला टाइट एंड किंवा रनिंग बॅक (एरवी पास घेणारा किंवा चेंडू घेऊन पळणारा गडी) ठेवून जाता जाता समोरच्याला एक खांदा मारायला लावणं, ज्याला चिप म्हणतात. ही मदत फुकट मिळत नाही. खांदा मारून निघालेला माणूस पासासाठी उशिरा पोचतो. सात जणांना अडवायला मागे ठेवलं तर पुढे तीनच रिसीव्हर धावतात आणि त्यांच्यावर सात जण पहारा देतात. मग क्वार्टरबॅकला कुणी मोकळं दिसत नाही, तो चेंडू धरून ठेवतो आणि पडतो. टीव्हीवाला म्हणतो, सात जण असूनही लाइन कोसळली!

परक्या मैदानावर गोंगाटात स्नॅपची हाक ऐकू येत नाही, त्यासाठीचा मूक इशारा आठवडाभर घोटून घ्यावा. बारीक गोष्ट आहे, पण टॅकलचं पहिलं पाऊल पाव सेकंद उशिरा पडलं की पुढचं सगळं तंत्र वाया.

राहिला कोच. वर सांगितलेल्या चार शब्दांकडे परत या. फिल्ममध्ये 'हरला' जास्त असेल तर माणसं कमी पडतायत, कोच बदलून उपयोग नाही. 'घोटाळा' जास्त असेल, आणि तोही आठव्या-नवव्या आठवड्यात तसाच असेल, तर मात्र कोचलाच विचारा, कारण ते शिकवण्याचंच काम आहे. 'उशीर' असेल तर क्वार्टरबॅकच्या कोचकडे जा. आणि बदलायचाच असेल तर विचार करून बदला, कारण नवा कोच म्हणजे नवी भाषा, नवे इशारे, पायांची नवी पद्धत, म्हणजे पुन्हा पहिला महिना.

फिलाडेल्फियात जेफ स्टाउटलंड २०१३ मध्ये आला. मुख्य प्रशिक्षक एकामागून एक तीन झाले, प्रत्येकानं त्याला ठेवलं. जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियातला रग्बी लीग खेळणारा पोरगा, २०१८ मध्ये २३३ व्या क्रमांकावर घेतला तेव्हा त्यानं अमेरिकन फुटबॉलचा एक सामनाही खेळलेला नव्हता. स्टाउटलंडनं त्याचा लेफ्ट टॅकल केला. आणि २०२४ मध्ये आला मेकाय बेक्टन. न्यूयॉर्क जेट्सनं २०२० मध्ये त्याला अकराव्या क्रमांकावर घेतलं होतं, अगदी तुम्हाला हवा तसा, पहिल्या फेरीतला, डोंगराएवढा टॅकल. दुखापतींत वर्षं गेली आणि शेवटी जेट्सनं त्याला सोडलं. ईगल्सनी त्याला थोडक्या पैशांत आणलं आणि टॅकल नव्हे, राइट गार्ड म्हणून उभं केलं, एका बाजूला लेन जॉन्सन, दुसऱ्या बाजूला सेंटर कॅम जर्गन्स. न्यू ऑर्लिन्समध्ये चीफ्सना ज्यांनी हरवलं, त्यांच्या लाइनमध्ये तो होता.